रुबीनाने वाचलेला शुक्रवारचा पेपर

मंडळी, भूत, आत्मा, करणी वगैरे प्रकार मी आयुष्यभर हसण्यावारी नेले. माझी श्रद्धा एकाच मंत्रावर — बंद करा, परत चालू करा. तेवढ्या भांडवलावर मी पांढरकवड्यात बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि लोकांची धडधाकट यंत्रं बिघडवत बिघडवत शिकलो. तेव्हा हे एका अर्धवट मेकॅनिकचं सांगणं आहे, हे धरूनच वाचा.

साल दोन हजार सात-आठ. कापसाची ती वाईट वर्षं... सरकी काढायचे जिनिंगचे कारखाने जेमतेम चालून बंद पडायचे, आणि दिवसातला अर्धा वेळ लोडशेडिंग.

गफ्फारचाचा जिनिंगमध्ये फिटर होते. वेल्डिंगच्या उजेडाने त्यांची नजर अधू झाली, अक्षर दिसेना. त्यांची मुलगी रुबीना मराठी शाळेत शिकलेली. रोज दुपारी ती त्यांना पेपर वाचून दाखवायची, पहिल्या पानापासून हवामानापर्यंत. कुणी शेतकरी औषध पिऊन गेल्याची बातमी आली की मात्र "ये छोडो अब्बा" म्हणायची आणि पुढे सरकायची. त्या वर्षांत तिला जवळजवळ रोजच काहीतरी सोडावं लागायचं.

मग ती आजारी पडली. उपचाराला नागपूरला जाऊन राहावं लागे. आपल्यामागे अब्बांची दुपार सुनी जाऊ नये म्हणून तिने माझ्याकडून एक जुना कॉम्प्युटर घेतला. त्यात मी विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकून दिलं होतं. घरी असली की ती पेपर वाचून त्यात रेकॉर्ड करून ठेवायची, ती नसली की चाचा ऐकायचे. एका खेपेला ती नागपूरहून परत आलीच नाही.

त्यानंतर चाचा रोज दुपारी तेच शिळे पेपर ऐकत. मी एकदा आगाऊपणा केला, "चाचा, हा कापसाचा भाव तर मागच्या साली होता!"

"बातमी कोन आयकते रे भाऊ?" ते म्हणाले.

एक दिवस ते सांगत आले, आवाज अडकून राह्यला. मी ऐटीत म्हणालो, नवं व्हर्जन टाकून देतो, नव्यासारखा पळेल. आता माझी अक्कल बघा. रुबीनाच्या रेकॉर्डिंगची कॉपी काढायला हवी होती. पण कोऱ्या सीड्यांवर मी गाणी भरून ठेवलेली. यूपीएसची बॅटरी घरी, मॅच बघायला टीव्हीला जोडलेली. लाईट बाराला जाते हे मला तोंडपाठ, म्हणून साडेदहाला अपग्रेड चालू केलं. लोडशेडिंगची वेळ त्याच आठवड्यात बदलली होती, पेपरात छापूनही आलं होतं. पण पेपर मी घ्यायचो तो पोह्याच्या प्लेटीखाली. अकराला अपग्रेड अर्ध्यात असताना लाईट गेली.

लाईट आल्यावर चालू केला तर काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरांत कर्नल पॅनिक. म्हणजे साध्या भाषेत, सिस्टीमला आपल्याच घराचं दार सापडत नाही. मी सीडीवरून दुसरं लिनक्स चालू करून डिस्क दुरुस्तीला घेतली. दुरुस्तीची कमांड प्रत्येक तुटक्या जागी विचारते, दुरुस्त करू का? मी न वाचता हो, हो, हो दाबत गेलो. शेवटी पाहतो तर रुबीनाचा फोल्डर रिकामा. फाईलींचे काही नंबर दिलेले तुकडे उरले होते, ते वाजवले की नुसती घरघर.

चाचा तीन दिवस दुकानात स्टुलावर बसून होते.

"चालू झाला का रे?"

"होऊन राह्यलं चाचा."

"कालबी हेच म्हनलं तू. खरं सांग, माही पोरगी हाये न त्यात?"

"हाये चाचा," मी म्हणालो. खोटं.

शुक्रवारी त्यांना मीच बाहेर पाठवलं. जुम्म्याची नमाज करून या म्हटलं, तोवर काही होत नाही. ते गेले, आणि मी सीडी काढून सवयीने पुन्हा बटण दाबलं. यावेळी पॅनिक आलं नाही. रुबीनाचा निळा डेस्कटॉप उघडला, रेकॉर्डिंग वाजवायची खिडकी आपोआप आली आणि तिचा आवाज सुरू झाला. मी आनंदाने स्वतःचीच पाठ थोपटली!

मग शब्द कानात शिरले. वणीच्या रस्त्यावर एसटी पुलावर अडकली... उमरखेडला शाळेचं छप्पर उडालं... हे मथळे मी कुठंतरी पाहिलेत. पोह्याची प्लेट उचलली. खाली त्याच सकाळचा पेपर. एसटी, छप्पर, त्याच ओळी, त्याच क्रमाने. मी बोट ठेवून तिच्याबरोबर वाचत गेलो. बोट झरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या बातमीवर आलं आणि ती थांबली. "ये छोडो अब्बा." पुढची बातमी.

भीती वाटलीच, पण डोक्यात एकच विचार, चाचांनी हे ऐकलं पाहिजे. पुढचं वाया जाऊ नये म्हणून मी पॉज दाबलं... आणि मशिदीकडे पळालो.

चाचांना हाताला धरून आणलं तेव्हा पडद्यावर कर्नल पॅनिक होतं. ती डिस्क पुन्हा कधीच चालू झाली नाही.

पुढे नागपूरच्या एका जाणत्या मित्राने ती तपासली. म्हणाला, त्या तारखेची फाईल नाहीच, आणि या अवस्थेत ही डिस्क चालू होणं शक्य नाही. तुला डुलकी लागली असेल. असेलही. पण जागेपणी मथळ्यांपलीकडे न वाचलेला पेपर मी झोपेत ओळीनओळ कसा ऐकला, हे त्यालाही सांगता आलं नाही आणि मलाही आजतागायत कळलेलं नाही. पॉज दाबलं नसतं तर... हेही कळलेलं नाही.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी चाचांना घडलेलं सांगितलं, तीन दिवसांच्या खोट्यासकट. वाटलं, आता थोबाडीत बसेल. त्यांनी टेबलावर चाचपत स्पीकर शोधला, त्यावर हात ठेवला.

"पूरा पढी?"

"नाही चाचा. अर्धं पान. मी थांबवलं... तुमच्यासाठी."

रस्त्यावरून हैदराबादकडे जाणारे ट्रक धडधडत होते. मग चाचा खालच्या आवाजात म्हणाले, "पढते वक्त सांस फूल रही थी क्या?"

तिला फुप्फुसाचा आजार होता. शेवटच्या रेकॉर्डिंगांत दर दोन शब्दांनी ती थांबायची, धापा टाकायची... आणि चाचा रोज तेच ऐकत होते.

"नाही चाचा," मी म्हणालो, आणि हे खरं होतं. "एका दमात वाचून राह्यली होती."

"मंग ठीक हाये," चाचा म्हणाले.