भाकरीच्या घराची भट्टी

बेथलेहेम या नावाचा अर्थ कुणी विचारला, तर मित्री हल्ली "मला काय ठाऊक!" म्हणतो आणि मान फिरवतो. हाच मित्री एके काळी वाटेनं जाणाऱ्याला हात धरून थांबवायचा आणि सांगायचा, जुन्या हिब्रूत बेत म्हणजे घर, लेहेम म्हणजे भाकर. आपलं गाव म्हणजे भाकरीचं घर! समोरचा खाटीक शुक्री सुरा परजत लगेच ओरडायचा, "थापा मारू नकोस! आपल्या अरबीत लहम म्हणजे मांस. गाव माझ्या धंद्याचं आहे!" त्याच्याही आधी इथं लाहमू नावाच्या देवाचं ठाणं होतं, त्यावरून नाव पडलं, असं म्हणणारे पंडितही आहेत. "देवाला तरी शेवटी भाकरच लागते ना?" असं म्हणून मित्री तो वाद मिटवायचा.

मित्रीची भाकरीची भट्टी त्याच्या आजोबांपासूनची. आळीतल्या बायका मळलेलं पीठ परातीत घालून आणायच्या, मित्री भाजून द्यायचा. चर्चची शिक्का मारलेली भाकरही तिथंच भाजायची. जागा मात्र जिरियसच्या घराण्याची. पण भाडेकरू इतका जुना, की कायद्यानं त्याला हलवणं कुणाला जमलं नसतं. आणि हलवायचं तरी कशाला? जिरियस घरचाच. बाप लवकर गेला, तेव्हा हे पोर मित्रीच्या आईच्या हातचं खाऊन वाढलं.

मोठेपणी जिरियस पर्यटकांचा वाटाड्या झाला. परदेशी घोळका भट्टीपुढं उभा करून सांगायचा, "मंडळी, या गावाचं नाव इथं भाजलं जातं!" मित्री फुलून जायचा आणि प्रत्येकाच्या हातावर गरम भाकर ठेवायचा. फुकट. पाहुण्याकडून काय घ्यायचं?

एका ईस्टरनंतर जिरियसनं निरोप धाडला, रविवारी वडीलधाऱ्यांना घेऊन येतोय. मित्रीच्या घरात एकच गडबड उडाली. त्याची लेक नुहाद आणि जिरियसचा मुलगा बासिम यांचं जमलंय हे अख्ख्या आळीला माहीत होतं. मित्रीच्या बायकोनं खजूर भरून मामूल केले. नुहाद आतल्या खोलीच्या पडद्याआड बसली.

वडीलधारे काही मागायला आले, की समोरच्या कॉफीला शिवत नाहीत. यजमानानं शब्द दिला की मगच पेला उचलायचा. शहाणा यजमान आधी काम विचारतो. मित्री कसला विचारतोय! त्याला घाई झाली होती.

"घे की रे, अबू बासिम," बासिमचा बाप म्हणून जिरियसला हाक मारत तो म्हणाला. "थंड होतेय."

"आधी शब्द दे."

"दिला! जे मागायला आलास ते तुझं. देवाशपथ. पी आता."

जिरियसनं एका घोटात पेला रिकामा केला. "भट्टीची जागा सोड, भावा. एक कंपनी तिथं रेस्टॉरंट काढतेय. नाव ठेवलंय 'भाकरीचं घर'. तुला वाटलं तर तूही बस तिथं. जुना अंगरखा घालून भाकरी भाजायच्या, लोक फोटो काढतील."

सगळ्यांत वडील अबू बिशारा. त्यांनी पेला दाणकन खाली ठेवला. "हलकटा! सोयरिकीला म्हणून आणलंस आम्हाला!"

"काम आहे म्हणालो होतो, काका. सोयरीक तुम्ही धरून चाललात."

"मित्री, तू मोकळा आहेस. असला शब्द आम्ही मानत नाही."

मित्रीला नाही म्हणायला एवढीच संधी होती. पण भरल्या बैठकीत देवाशपथ दिलेला शब्द गिळणाऱ्याच्या घरी लेकीला मागणी कोण घालणार? निदान जागा मिळाल्यावर जिरियस लाजेखातर तरी सोयरीक करेल, अशी वेडी आशाही त्याच्या मनात होतीच.

"दिलाय, काका," तो म्हणाला.

ज्या घरचं मीठ खाल्लं त्याच घराच्या चुलीत पाणी ओतून जिरियस उठला. सोयरिकीचं अवाक्षर नाही. बासिम दाराशी बसला होता, तोही बापामागोमाग खाली मान घालून गेला. वडीलधारे एकेक करून बाहेर पडले. मामूलला कुणी हात लावला नव्हता.

नुहाद पडद्याबाहेर आली आणि बापाशेजारी बसली.

"बाबा, बासिमला सगळं ठाऊक होतं."

"नसेल गं. पोरगा भोळा आहे."

"काल त्यानंच मला विचारलं, तुझे बाबा खुशीत आहेत ना, म्हणून. मी म्हटलं, खूप. मग मी विचारलं, उद्या मी निळा ड्रेस घालू का?"

मित्रीनं तेव्हा कुठं तिच्याकडं नीट पाहिलं. "मग? काय म्हणाला?"

"घाल म्हणाला."