चौसष्ट मेगापिक्सल आणि आप्पांची मेंढरं

मंडळी, आज डोकं लई फिरलंय, म्हणून इथं लिहितोय.

गुडघे साथ देईनात म्हणून माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मागच्या आठवड्यात सगळी मेंढरं विकली. त्याआधी कळपासोबत त्यांचा फोटो काढून बैठकीत मोठा करून लावायचा, म्हणून मी खास कॅमेरा घेतला होता. दुकानदार म्हणाला, "भाई, चौसष्ट मेगापिक्सल है. दीवार जितना फोटो निकलेगा." खोक्यावरही तोच आकडा ठळक छापलेला. मी भुललो.

आज गुलमंडीवरच्या फोटो स्टुडिओतून मोठा केलेला फोटो आणला. मेंढरांचीच काय, आप्पांचंही तोंड पुसल्यासारखं दिसतंय. मग खोकं उलटं करून बघितलं. तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, सेन्सर आठ मेगापिक्सल. म्हणजे कॅमेरा टिपतो आठच, बाकीचं नुसतं ताणून मोठं करतो. ताणलेल्या फोटोत नवीन बारकावा येणार कुठून?

दुकानदार म्हणतो, "खोक्यावर लिहिलेलं होतं की." तेव्हा कॅमेरा घेताना आधी सेन्सरचा खरा आकडा विचारा.

आप्पा एकेक मेंढी तोंडावरून ओळखायचे. आज फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. मग मला विचारलं, "ही कुणाची मेंढरं हायेत रं?"