दोन अक्षरांची धास्ती

इंग्रजीला घाबरणारी माणसं पुण्यात पोत्यानं सापडतील, पण सबंध इंग्रजी भाषेतल्या एकाच दोन अक्षरी शब्दाला चळाचळा कापणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो नेमका आमच्या हिचा सख्खा मामा निघाला. तो शब्द म्हणजे 'ऑफ'. मामा वाघाला घाबरले असते की नाही ते सांगता येत नाही, कारण ते राहतात त्या धायरीत वाघ येत नाही. 'ऑफ' मात्र येतो. स्विचवर येतो, दुकानाच्या पाटीवर येतो, क्रिकेटच्या कॉमेंट्रीत तर दर दोन चेंडूंनी येतो. म्हणून मामा मॅच आवाज घालवून बघतात आणि कुणी बाद झाला की कसा झाला ते आम्हाला फोन करून विचारतात.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला वाटलं, गृहस्थ कडवे मराठीवाले असणार. "जावईबापू, तेवढा पंखा विसावू द्या," ते म्हणाले. पंखा विसावतो हे मला ठाऊक नव्हतं. त्या घरात फोन झोपतो, गॅस शांत होतो, गीझर निवतो. पण टेबल, टेन्शन, ट्रॅफिक हे शब्द मामा बिनदिक्कत वापरत होते, तेव्हा भानगड भाषेची नसावी एवढं माझ्या लक्षात आलं. पुढे कळलं की ते स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभालाही गेले नव्हते. ऑफिसच्या फळ्यावर कुणीतरी 'उद्या यांचा सेंड ऑफ' असं ठळक लिहिलं होतं. मामा थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. "मला नक्की कुठं पाठवताय, ते आधी सांगा," म्हणाले, आणि छातीत धडधडतंय म्हणून घरी निघून आले. नारळ आणि शाल शिपायाबरोबर मागाहून आली.

मामींनी या माणसाबरोबर संसार कसा केला ते त्याच जाणोत. त्यांना सेलची भारी आवड, आणि 'पन्नास टक्के ऑफ'ची पाटी दिसली की मामा त्यांचा हात धरून समोरच्या फुटपाथवर. "अर्धा गेलेला माल कशाला घ्यायचा?" असं त्यांचं म्हणणं. एकदा मामींना एक साडी मनापासून आवडली. रंग विचारला तर दुकानदार म्हणाला, "ऑफ-व्हाइट." मामांचा चेहरा साडीपेक्षा पांढरा पडला. मामी सौभाग्यवती, नेसणार पांढरी साडी, आणि वर तिच्या नावातच हा शब्द! दुसरा रंग दाखवा म्हणून ते अजिजीनं विनवू लागले. शनिवार पेठेतला दुकानदार तो. चष्म्यावरून बघत म्हणाला, "साडी त्यांना नेसायचीय ना? मग आपण का थरथरताय?"

माझ्यावरही ही वेळ आली. एका बुधवारी मी रजा टाकून घरी होतो. मामांचा फोन आला, आणि सवयीनं ही बोलून गेली, "हे आज ऑफ आहेत." पलीकडून फोन पडल्याचा आवाज झाला. अर्ध्या-पाऊण तासानं दार वाजलं. तोंडात टूथब्रश धरून मी दार उघडलं, तर समोर मामा. पायात दोन वेगवेगळ्या चपला, मागं रिक्षावाला पैशासाठी उभा. त्यांनी माझे दोन्ही खांदे चाचपले, गाल चाचपला, आणि तिथंच चपलांच्या स्टँडवर बसून पाणी मागितलं. "अहो, रजा आहे म्हणावं की माणसानं," एवढंच म्हणाले. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मामा हसले नाहीत. ग्लास खाली ठेवून ते रिक्षावाल्याचे पैसे द्यायला उठले.

आता हे खरं, की आपल्याकडे माणूस मेला म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून 'ते ऑफ झाले' असं म्हणून लोक मोकळे होतात. पण त्यासाठी पंख्यालाही घाबरायचं?

याचा उलगडा गेल्या वर्षी झाला. मामींच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. ऑपरेशन झालं, पण श्वास नीट येईना, म्हणून त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. मामा आणि मी आयसीयूच्या बाहेर बाकावर. समोरच्या भिंतीवर कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, आणि मामा त्या स्विचकडे पाठ करून तिरके बसले होते. मला ते बघवेना. "मामा, एवढं काय आहे हो त्या शब्दात?" मी विचारलं.

ते बाकावर आणखी तिरके झाले. मग म्हणाले, "दादा, माझा थोरला भाऊ, पिंपरीला कारखान्यात होता. सुट्टी मिळाली की खडकवासल्याला जाऊ, असं ठरलं होतं आमचं. एक दिवस खालच्या वाण्याकडे कारखान्यातून फोन आला. वाण्यानं खालनंच ओरडून सांगितलं, 'अहो, तुमचे दादा ऑफ झालेत!' त्यालाही काही कळलं नव्हतं, मलाही नाही. मला वाटलं, सुट्टी मिळाली. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बसस्टॉपवर जाऊन उभा राहिलो. येणाऱ्या प्रत्येक बसमध्ये बघत होतो, संध्याकाळपर्यंत. इकडे घरी दादाला आणलं. माणसं मला गावभर शोधत होती. मी परत आलो तेव्हा दादाला नेलं होतं."

मी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतून एक नर्स बाहेर आली. विदर्भातली तरतरीत मुलगी. हातातले कागद चाळत तिनं विचारलं, "कोपऱ्यातल्या बेडच्या काकूंचे तुम्हीच ना जी? त्या ऑफ झाल्या सकाळीच." आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला म्हणून ती भिंतीकडे वळून बोलू लागली.

मामा उठले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. घरी हिला काय सांगू, कसं सांगू, काही समजेना. कसाबसा नर्सपाशी जाऊन मी म्हणालो, "ऑफ झाल्या म्हणजे काय हो?"

"व्हेंटिलेटर ऑफ झालं नं काका," ती फोनवर हात ठेवून म्हणाली. "आता आपल्या आपण श्वास घेऊन राहिल्या त्या. मघापासून यांचंच नाव घेऊन राहिल्या."

तिचं बोलणं मामांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. मग ते असे रडले, की ती बिचारी फोन ठेवून धावत आली आणि काका, काका करत त्यांना पाणी देऊ लागली.

एकालाच आत सोडणार होते. मामा गेले आणि जरा वेळानं परत आले. मामींचा आवाज पार बसला होता म्हणे, तरी त्यांनी पहिला प्रश्न "जेवलात का?" हाच केला. मामा जेवले नव्हते. मी म्हटलं, "आता काही काळजी नाही. घरी चला, चार घास खा, थोडं पडा. संध्याकाळी परत येऊ."

मामांनी मान हलवली. आयसीयूच्या दाराला लागून एक खुर्ची होती, ती त्यांनी आणखी जवळ ओढली.

"तुम्ही या जाऊन, जावईबापू," ते म्हणाले. "मी इथंच थांबतो. तेव्हा थांबायची जागा चुकली होती."