दोघांत एक दुर्बीण

महाबळेश्वरला एका पॉइंटवर दुर्बीणवाल्यापाशी माझ्यापुढे साठीचं एक जोडपं उभं होतं. "एकाचेच घ्या," म्हणत काकांनी पैसे दिले आणि काकूंना पुढे केलं. "तू बघ आणि मला सांग. उरलेल्यात चहा होईल."

काकूंनी डोळा लावला. "अहो, खाली दरीत एक घर आहे. अंगणात मिरच्या वाळत घातल्यात."

"कुणी दिसतंय का?"

"बाई आलीय बाहेर. कुणाला तरी हाक मारतेय."

"कुणाला?"

"थांबा ना, येऊ दे त्याला!"

काका दरीकडे नाही, काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते. दुर्बीणवाल्याला राहवेना. "काका, तुम्हीही बघा. पैसे नकोत."

"नको, माझं बघून झालं," म्हणत ते काकूंबरोबर चहाकडे वळले.

मग मी पाहिलं. घर होतं, मिरच्या होत्या, अंगणात मात्र कुणीच नव्हतं. हाक मारलेला माणूस आला असेल का? प्रवासात पैसे वाचवताना नेमकं काय वाचतं आणि काय निसटतं, कुणास ठाऊक. खर्च नको म्हणून या वेळी मी एकटाच आलो होतो. मी बायकोला फोन लावला. म्हटलं, "ऐक, इथून खाली एक घर दिसतंय…"