बिनफोडणीची चवळी

बहात्तरच्या दुष्काळात आष्टीच्या बाजारात तुरीच्या डाळीला हात लावायची सोय न्हवती. चवळी तेवढी परवडायची. पण रोज रोज किती खायची? तोंडाला नुसता वीट आल्ता. शेजारच्या खालाचं माहेर हैदराबादचं. तिनं उपाय काढला. उकडलेली चवळी पाट्यावर मऊ वाटायची, त्यात भाजलेले तीळ अन् चिंचेचा कोळ. मी म्हणलं, खाला, हे लई मिळमिळीत झालं, अन् माझा हिरव्या मिरचीचा ठेचा त्यात कालवला. वरून करडईच्या तेलात लसणाची फोडणी. भाकरीला लावून खायचं. खालाचे मालक शिवणकाम करायचे. आज तुम्हा दोघींची चवळी हाय का न्हाई, असं ते भिंतीपलीकडून विचारायचे.

एका दुपारी ते मशीनवर बसल्या बसल्याच गेले. पोटी लेकरूबाळ न्हाई. खाला रडली न्हाई, कुणाशी बोलली न्हाई. तीन दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण न्हाई. बायका ताटं आणायच्या अन् तशीच परत न्यायच्या. मला धडकीच भरली. ही बाई अशानं त्यांच्या मागोमाग जाती का काय!

तिसऱ्या दिवशी मी चवळी वाटली. फोडणीला तेल ठेवलं, तर सासूबाईंनी कढई खाली उतरवली. दुखवट्याच्या घरी न्यायच्या घासाला फोडणी देत न्हाईत म्हणाल्या. आता खालाच्या घरी हा नेम कुठून असणार? पण सासूपुढं तोंड उघडायची माझी टाप न्हवती. आजही त्या दिवसाचा मला माझाच राग येतो.

खालापुढं बसले. भाकरीच्या तुकड्याला चवळी लावून तिच्या तोंडाशी धरली. तिनं तोंड उघडलं. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

दोनदा चावून ती थांबली.

"फोडणी न्हाई घातली?"

मी खाली बघत सांगितलं, आमच्यात दुखवट्याच्या घरी फोडणी देत न्हाईत.

ती मशीनीकडं बघत राह्यली.

"म्हंजे ते गेलेच," ती म्हणाली.

मंग तिनं तो घास गिळला, माझ्या हातातला तुकडा घेतला अन् रडत रडत सगळी भाकरी खाल्ली. खाला जगली. पण तीन दिवस गावानं सांगून जे तिला पटलं न्हवतं, ते पटवून देणारी मीच निघाले.