सायबाचं खाणं आणि जावई

माझ्या नणंदेचा जबडा तिच्या नवऱ्याने पायलीने फोडला. धान मोजायची लोखंडी पायली, तिच्या काठाने. डोंग्यातून वैनगंगा उतरून, मग बैलगाडीत आडवी होऊन ती आरमोरीकडून आमच्या गावी आली, तेव्हा हनुवटीखालून डोक्यावर लुगड्याची चिंधी बांधलेली होती आणि एक डोळा वांग्यासारखा झाला होता. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी कोंबडी धरली आणि तिची मान अशी पिरगाळली, की मी भिंतीला जाऊन टेकले. रस्सा मात्र नणंदेच्या तोंडातून अर्धा बाहेरच सांडला.

मी तेव्हा नवी सून. वय सोळा-सतरा, अक्कल त्याच्या निम्म्याने. माझे वडील जंगलखात्याच्या डाकबंगल्यावर खानसामा, त्यामुळे साऱ्या मुलखात स्वयंपाक एकट्या मलाच येतो अशी माझी खात्री होती. सासरी आल्याबरोबर मी सासूबाईंना वरणाला फोडणी कशी द्यायची ते सांगायला गेले. त्यांनी उलथनं चुलीत तापवलं आणि माझ्या मनगटावर ठेवलं. "आता सांग," म्हणाल्या. फोडणीबद्दल मग आमचं कायमचं एकमत झालं.

नणंदेला फळ द्या, असं वैद्याने सांगितलं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, चांद्याला जाऊन पंच्यात बांधून सफरचंदं घेऊन आले. गावात सफरचंद दिसलं की समजायचं, माणूस जाणार. शेजारीण ती लाल फळं बघून दारातूनच म्हणाली, "बाई, वाचंल का वो पोरगी?" सासूबाईंनी तिला शिव्या देत अंगणाबाहेर घालवलं.

पण फुटक्या जबड्याने सफरचंद खायचं कसं? सासूबाईंनी फोड करून दिली, नणंदेने दातांत धरली आणि कळवळून भिंतीवर फेकून मारली. झालं, माझी वेळ आली! डाकबंगल्यावर साहेबासाठी वडील सफरचंद भाजायचे, ते मी लहानपणापासून बघत होते.

मी पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, बोटभर वाळू पसरली. सफरचंदांचा मधला गाभा सुरीने कोरून काढला आणि त्या भोकात गूळ, चारोळी अन् चिमूटभर तूप कोंबलं. ताटलीत ती उभी करून ताटली वाळूवर ठेवली. गंजावर लोखंडी तवा पालथा न घालता सुलटा ठेवायचा आणि त्यावर निखारे रचायचे. विस्तव वर जास्त, खाली कमी. उलट केलं की बूड करपतं आणि डोकं कच्चं राहतं, अगदी माझ्यासारखं. साल फुटून रस बाहेर आला, गूळ खळखळला, की काढायचं. वरचा गर असा मऊ होतो, की जिभेनेच दाबावा.

नणंदेने जिभेनेच खाल्लं. मग ताटली चाटली. आल्यापासून तिच्या पोटात पहिल्यांदा काही राहिलं. माझे पाय जमिनीवर राहिनात. विहिरीवर जाऊन मी सगळ्यांना सांगितलं, की वैद्याला जमलं नाही ते मी केलं.

थोड्या दिवसांनी जावई तिला न्यायला आला. पांढरं धोतर, तेल लावलेला भांग, हातात वेताची छडी. माणूस बघितला तर वाटावं, कथेला बसायला आलाय.

आमच्याकडचा नेम असा होता: जावई न्यायला आला आणि सासुरवाडीत त्याला गोड खाऊ घातलं, की पाठवणी कबूल. मग बाप रडो, आई डोकं आपटो, मुलीने गाडीत बसायचं. पाठवायची नसेल तर पाट द्या, पाणी द्या, पोटभर जेवू घाला, फक्त गोड वाढू नका. तो समजतो आणि रिकाम्या हाताने जातो.

सासूबाईंनी मला स्वच्छ बजावलं होतं. "भात दे, अंबाडीची भाजी दे, मिरची दे. गोड देशीन त पाय मोडीन." मी मान डोलावली. पण माझ्या लेखी गोड म्हणजे शिरा, गोड म्हणजे पुरी-खीर. गंजात भाजत होतं ते सायबाचं खाणं. त्याला आमच्या गावचा नेम कसा लागू होईल?

सासूबाई आतल्या खोलीत लेकीजवळ होत्या. मामंजी अंगणात बैलांना पाणी पाजत होते. जावई पाटावर बसला आणि नाक वर करून म्हणाला, "वयनी, काय शिजवून राह्यली वो?"

"सायबाचं खाणं हाय."

"काऊन, आमी मानसं नाई का?"

"तुमाले नाई समजाचं ते," मी म्हणाले आणि त्याला ते समजावं म्हणून एक अख्खं सफरचंद ताटात वाढलं.

त्याने खाल्लं. बोटं चोखली. मग अंगणापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "तोंड गोड झालं, मामा! काढा माही बायको भायेर!"

मामंजी आत आले. ताटातला गुळाचा पाक बघितला आणि मटकन खाली बसले. "खाल्लं त खाल्लं. आता नाई म्हनता येत नाई."

"पण मामंजी, ते सायबाचं..." एवढंच मी बोलले. सासूबाईंनी आतून येऊन अशी थोबाडीत दिली, की आजही उजव्या कानाने मला हवं तेवढंच ऐकू येतं. माझा नवरा काठी घेऊन दारात उभा होता, बापाच्या हुकमाची वाट बघत. तो तसाच उभा राहिला.

जावई आत घुसला. वेणी हाताला गुंडाळून त्याने तिला फरफटत बाहेर ओढलं. तिला ओरडताही येत नव्हतं, जबडा बांधलेला. चुलीजवळ आल्यावर तिने दोन्ही पाय भिंतीला रोवले आणि गंजावरचा निखाऱ्यांचा तवा धरला. फडकं नाही, सांडशी नाही, नुसत्या तळहातांनी. तो तिने त्याच्या छातीवर उपडा केला.

चामडी जळल्याचा वास मी तेव्हा पहिल्यांदा घेतला. निखारे धोतरात उतरले. तो नाचायला लागला, तर तिने गंजच उचलून त्याच्या तोंडावर हाणला. सफरचंदं, पाक, तापलेली वाळू, सगळं डोळ्यांत. आणि मी काय करत होते? मी किंचाळत होते, "माही सफरचंदं!"

"पानी! पानी टाका!" तो लोळायला लागला. कुंपणावर सारं गाव गोळा झालं.

सासूबाईंनी पाण्याचा हंडा कमरेवर घेतला, छपरातून तणसाची, भाताच्या पेंढ्याची, एक काडी उपसली आणि त्याच्यापुढे धरली. "मोड."

चार माणसांसमोर नवऱ्याने काडी मोडली, की बाई सुटली.

"असं जबरीनं नाई चालत," मामंजी म्हणाले.

"गोडाचा नेम तुमी पाळला. काडीचा मी पाळून राह्यली. बसा चूप."

धोतर पेटलं होतं. तो शिवी देऊन म्हणाला, "रांडेले ठेवा घरात, घ्या!" आणि कडकन काडी मोडली. सासूबाईंनी तुकडे उचलून कुंपणावरच्या सगळ्यांना दाखवले आणि मगच हंडा त्याच्यावर ओतला. तेवढ्यात माझ्या नवऱ्याला हुकमाशिवायच सुचलं. शिवेपर्यंत त्याने काठी थांबवली नाही.

नणंदेच्या तळहातांची साल निघून आली होती. सासूबाईंनी जवसाच्या तेलात चुन्याची निवळी घोटून लावली आणि हात केळीच्या पानात बांधले. आता भरवणार कोण? मीच. राखेतून एक सफरचंद शोधलं, फुंकर मारली, गर काढून तिच्या ओठांशी नेला आणि एवढं सगळं होऊन गेल्यावर विचारलं, "चव कशी झाली वो, बाई?"

तिने माझ्या बोटाला करकचून चावा घेतला. रक्त आलं.

"आत्याबाई, जबडा सुधरून राह्यला," मी सासूबाईंना ओरडून सांगितलं.