चौथ्यातून तिसऱ्यात

कोल्हारच्या बसस्टँडवर कचरूमामा बाकावर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. बस येईपर्यंत ते येरझाऱ्या घालत. बस आली की रिकामी सीट सोडून ड्रायव्हरच्या मागे दांडी धरून उभे राहत, आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबायच्या आधी त्यांचा उजवा पाय हलत असे.

चोवीस वर्षं ते डेअरीच्या दुधाचा टँकर चालवत होते. सगळ्यांत कमी डिझेल जाळणाऱ्या ड्रायव्हरला डेअरी दर वर्षी भिंतीवरचं घड्याळ देई. मामांच्या दोन खोल्यांत अशी सात घड्याळं होती. "सात घड्याळं हायेत, पन घरात बसायला ह्यांना टाइम न्हाई," असं त्यांच्या पत्नी कलाबाई आल्यागेल्याला सांगत.

बचतीची त्यांची युक्ती साधी होती. उतार लागला किंवा पुढं वळण दिसलं की गिअर न्यूट्रलला टाकायचा आणि टँकर आपल्या वजनावर जाऊ द्यायचा. इंजिन पेंगायचं, टाकीतलं दूध डचमळायचं नाही. डावा हात हे काम इतक्या सवयीने करी, की मामांना त्याचा पत्ताही लागत नसे.

अशा माणसाकडे १९७४ सालची टोयोटा सेलिका होती. बाभळेश्वरच्या एका डॉक्टरांनी ती केनियातून येताना आणली होती. सुट्टीच्या दिवशी मामा त्यांना तीत फिरवत. डॉक्टर वारले. पार्ट कुठंच मिळेनात, म्हणून त्यांच्या बाईंनी गाडी भंगाराच्या भावात मामांना देऊन टाकली. लांब नाक, दोन दारं, दोन कॅमशाफ्ट, दोन कार्ब्युरेटर. माझा डिप्लोमा नुकताच झाला होता आणि मी नगरच्या एमआयडीसीत कामाला होतो. वॉटर पंपाचा शाफ्ट मी जेवणाच्या सुट्टीत लेथवर करून दिला. त्या इंजिनाचं डोकं पहिल्यांदा उघडलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

एका चौदा एप्रिलला गावाने ही गाडी मिरवणुकीत घेतली. टपावर बाबासाहेबांची तसबीर, हार, निळे झेंडे. पण मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर खुलणारं इंजिन माणसाच्या चालीने चालवलं की त्याचे प्लग काळे पडतात. वेशीपाशी गाडी बंद पडली. तसबीर ट्रॅक्टरवर हलवावी लागली.

"कचरू, तुझी मडम पायी चालत न्हाई रं!" कोणीतरी ओरडलं.

"ती पळायसाठी केलीय," मामा म्हणाले. ते वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलंच नाही. पळवायची कुठं? नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या. पहाटे बघितलं तर उसाचे ट्रक.

१९९७च्या जानेवारीत पुण्याच्या एका मोटर क्लबने नगरजवळच्या एका पडीक धावपट्टीवर गाड्यांची चाचणी ठेवली. लोखंडी पिंपं मांडून दोन्ही टोकांना वळणं केली होती. प्रत्येकाला तीन फेऱ्या, त्यांतली चांगली वेळ धरायची. पहिल्या सहा जणांना फेब्रुवारीत मद्रासच्या खऱ्या ट्रॅकवर गाडी चालवायला मिळणार होती. मामा बावन्न वर्षांचे होते. नाव नोंदवल्यापासून ते ताटावरही नीट बसेनात.

कलाबाई डबा घेऊन सोबत आल्या. "गाडी परत येती का ढकलत न्यावी लागती, ते बघाया आले," म्हणाल्या.

मामांचा नंबर शेवटचा होता. तोपर्यंत सहाव्या माणसाची वेळ लागली होती एक मिनिट चोवीस सेकंद. त्याच्या आत यायचं होतं.

पहिली फेरी. सरळ पट्टीवर सेलिका अशी काही ओरडत गेली, की पुण्याची पोरं हातातला चहा तसाच धरून उभी राहिली. मग टोकाचं वळण आलं आणि आवाज एकदम मेला. इंजिन पेंगायला लागलं. गाडी नुसती घरंगळत वळणाबाहेर गेली आणि एक पिंप पाडून आली. एक तेहतीस.

"मामा, न्यूट्रल केलंत! वळणावर तिसरा टाकायचा, तरच इंजिन ओढतं."

"म्या? न्हाई बा." त्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं. "केलं का?"

दुसऱ्या फेरीत ते पक्कं ठरवून गेले. वळणावर आवाज पुन्हा मेला. एक एकतीस.

मामा खाली उतरले, गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि डावा हात मांडीवर आपटला. "चोवीस वर्सं ह्याला शिकवलं. आता एका मिनटात इसर म्हनू?"

"हात बांधून घ्या स्टेरिंगला," मी म्हणालो.

"बांधलेल्या हातानं गाडी चालवत्यात व्हय? तुला डिप्लोमा कुनी दिला?"

कलाबाई पिंपाच्या सावलीत बसल्या होत्या. "सात घड्याळं भितीवरून काढा मंग. तीच आडवी आली तुमाला."

मामा बंद गाडीत जाऊन बसले आणि चौथा गिअर टाकून हात ढिला सोडला. हात आपोआप पुढं सरकला आणि मधोमध थांबला. न्यूट्रल. पुन्हा चौथा, पुन्हा न्यूट्रल. असं वीसेक वेळा तरी केलं असेल. तोंडाने इंजिनाचा आवाज काढत होते. मग एकदम खिडकीतून डोकं बाहेर आलं.

"सम्राट, चौथ्यातून तिसऱ्यात जायाला वाट कुठनं?"

"न्यूट्रलमधूनच, सरळ पुढं."

"मंग हात बरूबर वाटंला लागलाय की! निम्म्यात थांबतोय येवढंच." त्यांनी खटकन दांडी पुढे सारली. "ह्याला नको म्हनायचंच न्हाई. पुढं जा म्हनायचं."

तिसऱ्या फेरीचा झेंडा पडला. मी धावपट्टीच्या कडेला डोळे मिटून उभा राहिलो, कारण बघण्यासारखं काही नव्हतं. जे कळायचं ते कानांना कळणार होतं. दुसरा, तिसरा, चौथा. आवाज लांब गेला, बारीक झाला आणि वळणावर पुन्हा पडला. कलाबाईंनी माझा दंड धरला.

एक क्षण काहीच नाही. मग इंजिन फाटल्यासारखं वर चढलं. तिसरा लागला होता. टायर किंचाळले, आवाज वळला आणि आमच्या दिशेने येऊ लागला. जवळच्या वळणावर पुन्हा तसंच. पडला आणि चढला.

एक मिनिट तेवीस पूर्णांक सहा.

पुण्याच्या एका पोराने येऊन यादीतलं आपलं नाव खोडलेलं पाहिलं आणि मामांशी हात मिळवायला गेला. मामा गाडीपाशी नव्हते. दार सताड उघडं, हेल्मेट सीटवर. ते टोकाच्या वळणावर उकिडवे बसले होते, टायरच्या काळ्या पट्ट्यापाशी, जमिनीवर वीत टाकत.

"हितं ब्रेक दाबला म्या," मी पोचताच म्हणाले. "आनखी तीन वीत पुढं दाबला असता तरी वळली असती."

मागून कलाबाई डबा घेऊन आल्या, धापा टाकत. "आवं, नंबर लागला की तुमचा! आता तरी टेका जरा. भाकर गार झाली."

"बसतो की," मामा म्हणाले आणि चौथ्या वितीसाठी हात पुढं सरकवला.